पहिला रणगाडा कसा निवडावा? : ऑनलाइन युद्धखेळातील एक निर्णय-समस्या

१. प्रस्तावना

रणगाड्यांचा ऑनलाइन खेळ पहिल्यांदा उघडणाऱ्या खेळाडूपुढे वाहनांची भली मोठी यादी येते. प्रत्येक वाहनापुढे आकडे असतात: चिलखताची जाडी, तोफेचा व्यास, वेग, वजन, गोळा भरण्यास लागणारा वेळ. नवखा खेळाडू बहुधा सर्वांत जाड चिलखताचे किंवा सर्वांत मोठ्या तोफेचे वाहन निवडतो. मग दोन-तीन मिनिटांत बाहेर पडतो आणि आपल्याला कोणी मारले, कोठून मारले, हेही त्याला कळत नाही. दहा-वीस वेळा असे झाले की तो एक तर खेळ सोडतो, नाही तर पैसे भरून आणखी वरचे वाहन घेतो. दुसरा मार्ग पहिल्यापेक्षा महाग पडतो.

या पाठात आपण ही निवड एक निर्णय-समस्या म्हणून अभ्यासणार आहोत. त्यासाठी शाळेतील त्रिकोणमिती आणि संभाव्यतेची प्राथमिक ओळख पुरेशी आहे. पाठाचे मुख्य विधान असे: पहिले वाहन निवडताना ते किती बलवान आहे यापेक्षा ते किती शिकवते हे पाहावे. आकड्यांच्या तक्त्यातून हे थेट दिसत नाही. म्हणून आधी तो तक्ता वाचायला शिकू.

२. खेळाची रचना

या प्रकारातील दोन परिचित खेळ म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ आणि ‘वॉर थंडर’. दोन्ही विनामूल्य सुरू करता येतात आणि दोन्हींत खऱ्या इतिहासातील वाहने देशवार ‘वृक्षां’त मांडलेली असतात. खेळाडू खालच्या पायरीपासून सुरुवात करतो आणि लढायांतून गुण मिळवत वरच्या वाहनांपर्यंत जातो.

नुकसान मोजण्याची पद्धत मात्र दोन्हींत वेगळी आहे. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’मध्ये प्रत्येक वाहनाला ठरावीक जीवनांक असतात आणि चिलखत भेदणारा प्रत्येक गोळा त्यांतून काही अंक वजा करतो. एखादी चूक झाली तरी बहुधा थोडे अंक उरतात. ‘वॉर थंडर’च्या रणगाड्यांना असे अंक नसतात. गोळा आत शिरल्यावर इंजिन, दारूगोळा, चालक, तोफची यांपैकी कशाला लागला यावर परिणाम ठरतो. दारूगोळ्याला लागला तर एका फटक्यात खेळ संपतो. साहजिकच पहिल्या खेळात थोडा मार सोसत शिकता येते, तर दुसऱ्यात न दिसण्याला अधिक किंमत आहे.

‘वर्ल्ड ऑफ टँक्स’च्या नेहमीच्या लढाईत दोन्ही बाजूंना १५-१५ खेळाडू असतात. मोबाइलवरील ‘ब्लिट्झ’ या रूपात ते ७-७ असतात, नकाशेही लहान असतात. संगणक नसलेल्या विद्यार्थ्याने हा फरक लक्षात घ्यावा. लहान नकाशात शत्रू लवकर भेटतो आणि मंद वाहनालाही लढाई गाठता येते.

३. तीन गुणांचा ताळेबंद

रणगाडा बांधणारा अभियंता तीन गुणांत तडजोड करत असतो: मारक शक्ती, संरक्षण आणि गतिशीलता. चिलखत वाढवले की वजन वाढते. वजन वाढले की तेच इंजिन अपुरे पडते. मोठी तोफ बसवली की तिच्यासाठी मोठा टरेट, म्हणजे रणगाड्यावरचा फिरता भाग, लागतो आणि पुन्हा वजन वाढते. खेळ खऱ्या वाहनांवर आधारलेले असल्यामुळे ही तडजोड त्यांतही उतरते.

वेगाचा आकडा एकटा पाहू नये. तो सपाट रस्त्यावरचा कमाल वेग असतो. चढावर, वळणावर किंवा थांबून पुन्हा निघताना वाहन कसे वागेल हे दर टनामागील अश्वशक्तीवरून अधिक कळते. काही खऱ्या रणगाड्यांचे ठोकळ आकडे पाहू.

| रणगाडा | वजन (टन) | इंजिन (अश्वशक्ती) | दर टनी अश्वशक्ती |
|---|---|---|---|
| टी-३४ | २६ | ५०० | सुमारे १९ |
| एएमएक्स-१३ | १५ | २५० | सुमारे १७ |
| शर्मन एम-४ | ३० | ४०० | सुमारे १३ |
| सेंच्युरियन | ५१ | ६५० | सुमारे १३ |
| टायगर-१ | ५७ | ७०० | सुमारे १२ |
| चर्चिल (मार्क ७) | ४० | ३५० | सुमारे ९ |

चर्चिलच्या समोरील चिलखताची जाडी १५२ मिलिमीटर होती, टायगरच्या १०० मिलिमीटरपेक्षा बरीच जास्त. त्याची किंमत शेवटच्या रकान्यात दिसते. चर्चिल घेणाऱ्या खेळाडूने एकदा चुकीची बाजू धरली की सुधारून दुसरीकडे जाईपर्यंत लढाई आटोपलेली असते. टी-३४ घेणारा त्याच लढाईत आपली चूक दुरुस्त करू शकतो.

हे आकार प्रत्यक्ष पाहायचे असतील तर अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ मध्ये सुरू केलेले रणगाडा संग्रहालय आहे. चर्चिल, शर्मन, सेंच्युरियन, एएमएक्स-१३ आणि युद्धात हाती आलेले पॅटन तेथे शेजारीशेजारी उभे आहेत. उंच रणगाडा झुडपाआड लपवणे किती अवघड असेल, हे तेथे गेल्यावर लगेच पटते.

४. चिलखत: आकडा आणि कोन

चिलखताची पाटी तिरकी असेल तर आडव्या येणाऱ्या गोळ्याला तिच्यातून अधिक लांब वाट काढावी लागते. पाटीची जाडी *ज* आणि पाटीचा उभ्या रेषेशी कोन *θ* असेल तर

परिणामी जाडी = ज ÷ कोज्या θ

*उदाहरण १.* टी-३४च्या पुढची पाटी ४५ मिलिमीटर जाड आणि उभ्या रेषेपासून ६० अंश तिरकी होती. कोज्या ६०° = ०.५, म्हणून परिणामी जाडी ४५ ÷ ०.५ = ९० मिलिमीटर. टायगरची १०० मिलिमीटरची पाटी जवळपास उभी होती. कागदावर ४५ आणि १०० यांत दुपटीहून अधिक अंतर दिसते. समोरून येणाऱ्या गोळ्याच्या दृष्टीने ते अंतर फारच कमी आहे.

*उदाहरण २.* टायगरसारख्या चौकोनी रणगाड्याचा चालक हा कोन स्वतः तयार करू शकतो. वाहन शत्रूच्या रेषेपासून *α* अंशांत वळवले की पुढची १०० मिलिमीटरची पाटी १०० ÷ कोज्या α इतकी होते. त्याच वेळी बाजूची ८० मिलिमीटरची पाटी उघडी पडते. तिची परिणामी जाडी ८० ÷ ज्या α असते. दोन्ही सारख्या केव्हा होतील?

१०० ÷ कोज्या α = ८० ÷ ज्या α, म्हणजे स्पर्शज्या α = ०.८, म्हणजे α ≈ ३९°.

या कोनात दोन्ही पाट्यांची परिणामी जाडी सुमारे १२८ मिलिमीटर होते. याहून कमी वळलो तर पुढची बाजू दुबळी राहते, जास्त वळलो तर कुशी दुबळी होते.

या गणितातून आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. जड रणगाड्याचे संरक्षण तक्त्यात लिहिलेले नसते. ते चालकाने दर क्षणी कोन साधून मिळवायचे असते, आणि शत्रू हलला की तो कोनही बदलतो. दोन शत्रू दोन दिशांना असतील तर एकाला दिलेला योग्य कोन दुसऱ्याला उघडी कूस देतो. म्हणून जाड चिलखत हे नवख्याचे कवच आहे, ही समजूत फसवी ठरते. ते जाणत्याचे हत्यार आहे.

‘वर्ल्ड ऑफ टँक्स’मध्ये आणखी दोन नियम लक्षात ठेवावेत. कवचभेदी गोळा ७० अंशांहून अधिक तिरका लागला तर तो घसरून जातो. मात्र गोळ्याचा व्यास चिलखताच्या जाडीच्या तिपटीहून जास्त असेल तर हा नियम लागत नाही. शिवाय गोळ्याची भेदक्षमता प्रत्येक वेळी सरासरीच्या २५ टक्क्यांपर्यंत वर-खाली होते. एकच फटका एकदा आत गेला आणि एकदा परतला, तर त्यात दर वेळी आपली चूक शोधू नये.

५. मारा: सरासरी सारखी, अनिश्चितता वेगळी

समजा, *क* या तोफेचा एक गोळा ११० अंकांचे नुकसान करतो आणि दर ६ सेकंदांनी सुटतो. *ख* या तोफेचा गोळा ४४० अंकांचे नुकसान करतो आणि दर २४ सेकंदांनी सुटतो. (आकडे केवळ उदाहरणासाठी.) दोन्हींची मिनिटाची क्षमता ११०० अंक, म्हणजे सारखीच.

आता चार मिनिटे टिकणारा खेळाडू घ्या. त्याचा निम्मा मारा वाया जातो असे धरू. *क* तोफेला ४० संधी मिळतात, *ख* तोफेला १०. अपेक्षित नुकसान दोन्हीकडे २२०० अंक. प्रमाण विचलन मात्र वेगळे येते.

क : ११० × √(४० × ०.५ × ०.५) ≈ ३४८
ख : ४४० × √(१० × ०.५ × ०.५) ≈ ६९६

*ख* तोफेची अनिश्चितता दुप्पट आहे. कधी नशीब फळफळते, कधी पूर्ण लढाई रिकाम्या हाताने जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिकण्याची गती. *क* घेणारा एका लढाईत ४० वेळा नेम धरतो, चुकतो आणि सुधारतो. *ख* घेणाऱ्याला तेवढ्याच सरावासाठी चार लढाया लागतात. नवख्याला मोठ्या तोफेचा मोह होतो तो एका दणक्यात दिसणाऱ्या मोठ्या आकड्यामुळे. सरावाच्या हिशेबाने लहान, जलद तोफ चांगली शिक्षिका आहे.

६. भूमी आणि माणूस: आपल्या इतिहासातील तीन प्रसंग

वाहनाचे मूल्य भूमीशिवाय ठरत नाही. हे समजण्यासाठी भारतीय लष्करी इतिहासातील तीन प्रसंग उपयोगी पडतात. प्रत्येक प्रसंग खेळातील एकेका धड्याशी जुळतो.

*झोजी ला, १९४८.* १ नोव्हेंबर १९४८ रोजी ७व्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या या खिंडीत शिरले. स्टुअर्ट हा हलका रणगाडा, तोफ अवघी ३७ मिलिमीटरची. समोरासमोरच्या रणगाडा-युद्धात तो त्या काळीही मागे पडलेला होता. पण अभियंत्यांनी वाट तयार केली, हालचाल गुप्त ठेवली, आणि एवढ्या उंचीवर रणगाडे येतील अशी शत्रूची कल्पनाच नव्हती. खिंड मोकळी झाली. हलक्या वाहनाची ताकद ते *कोठे* पोहोचते यात असते. खेळातही हलका रणगाडा टेहळणीसाठी असतो. पण कोठे आणि केव्हा जायचे हे नकाशा पाठ असल्याशिवाय कळत नाही, म्हणून तो नवख्याला कठीण जातो.

*असल उत्तर, १९६५.* सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील खेमकरण भागात पाकिस्तानच्या चिलखती डिव्हिजनने पॅटन रणगाड्यांसह चढाई केली. ९० मिलिमीटरची तोफ आणि अंतर मोजण्याची आधुनिक सोय असलेले पॅटन तेव्हाच्या उत्तम रणगाड्यांत गणले जात. भारताकडे सेंच्युरियनबरोबर जुने शर्मन आणि हलके एएमएक्स-१३ होते. भारतीय तुकड्यांनी शेतांत पाणी सोडले, उसाच्या आड रणगाडे दडवले आणि शत्रूला घोड्याच्या नालेसारख्या रचनेत आत येऊ दिले. चिखलात पॅटनचा वेग गेला, कुशी उघड्या पडल्या. भारतीय नोंदींनुसार ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. याच लढाईत ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने अनेक पॅटन टिपले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जीपला चिलखत नव्हते. आडोसा आणि जागा बदलणे हेच तिचे संरक्षण. खेळातील रणगाडाविरोधी वाहनांचे तत्त्व हेच आहे: मोठी तोफ, पातळ कूस, आणि न दिसण्यावर सारी भिस्त.

*लोंगेवाला, १९७१.* डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानच्या वाळवंटात लोंगेवाला चौकीवर चालून आलेले पाकिस्तानी रणगाडे मऊ वाळूत रुतले. उजाडताच जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांना ते आयतेच सापडले. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’मध्ये कठीण, मध्यम आणि मऊ जमिनीसाठी प्रत्येक वाहनाचा वेगवेगळा रोध धरलेला असतो. दोन वाहनांची दर टनी अश्वशक्ती सारखी असली तरी दलदलीत एक चालते आणि दुसरे रांगते, ते यामुळेच.

उंचसखल नकाशात आणखी एक आकडा कामी येतो: तोफ खाली किती झुकते. शर्मनची तोफ सुमारे १० अंश झुकत असे, टी-३४ची पाच अंशांच्या आसपासच. टेकडीमागे राहून फक्त टरेट वर काढायचा तर शर्मनला ते सहज जमते. टी-३४ला त्यासाठी उतारावर पुढे यावे लागते आणि अंग उघडे पडते.

७. जाळ्यातील विलंब

लढाई जिथे ‘घडते’ तो सर्व्हर अनेकदा परदेशात असतो. जयपूरच्या दक्षिणेला टोंक रस्त्यावर असलेल्या चाकसू या गावातील विद्यार्थी मध्य युरोपातील सर्व्हरला जोडला गेला आहे असे समजा. सरळ रेषेतील अंतर सुमारे ६,००० किलोमीटर. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. जाऊन-येऊन १२,००० किलोमीटरला किमान ६० मिलिसेकंद लागतात. तारा सरळ जात नाहीत आणि वाटेत अनेक थांबे असतात, त्यामुळे प्रत्यक्ष विलंब याहून जास्तच असतो. सिंगापूरचे अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर आहे, तेथे हीच किमान मर्यादा ४१ मिलिसेकंदांवर येते.

विलंब १५० मिलिसेकंद धरला तर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तेवढ्यात सुमारे २ मीटर पुढे गेलेले असते. ताशी २० किलोमीटरने जाणारे जेमतेम ०.८ मीटर सरकते. म्हणजे ज्याचे नेटवर्क मंद किंवा अस्थिर आहे त्याने धावत-धावत मारा करणाऱ्या हलक्या वाहनांच्या मागे लागू नये. थांबून, आडोशाने मारणारे मध्यम वाहन त्याला जास्त साथ देईल. सर्व्हर निवडण्याची सोय असेल तर ‘पिंग’चा आकडा पाहून सर्वांत जवळचा निवडावा.

८. निवडीची पद्धत

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचतो.

१. *प्रकार ठरवा.* पहिले वाहन मध्यम रणगाडा असावे. तो टेहळणी, मारा आणि माघार या तिन्हींचा थोडा-थोडा अनुभव देतो. पुढे कोणता प्रकार आपल्याला मानवतो हे त्यातूनच कळते. दूरवरून मारा करणारा तोफखाना पहिल्यांदा टाळावा. त्यात नकाशाच्या पुढच्या भागात काय घडते हे शिकायलाच मिळत नाही.

२. *वाट पाहा, केवळ वाहन नव्हे.* ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’मध्ये रशियन वृक्षात टी-३४ आणि अमेरिकन वृक्षात शर्मन, दोन्ही पाचव्या पायरीवर आहेत. सपाट, मोकळ्या जागी धावपळ आवडत असेल तर पहिली वाट. टेकडीआडून खेळायचे असेल तर दुसरी.

३. *तीन आकडे लिहून काढा.* दर टनी अश्वशक्ती, गोळा भरण्याचा वेळ आणि तोफेचा खालचा कोन. दोन वाहनांत अडकलात तर जिचा गोळा लवकर भरतो ती तोफ निवडा.

४. *वीस लढाया खेळा आणि नोंद ठेवा.* प्रत्येक लढाईनंतर दोनच गोष्टी लिहा: किती वेळ टिकलो आणि कशामुळे बाहेर पडलो. ‘कूस उघडी पडली’ हे कारण बारा वेळा आले तर वाहन बदलून उपयोग नाही. ‘पोहोचायला उशीर झाला’ हे कारण बारा वेळा आले तर मात्र वाहन बदलावे.

५. *पैसे शेवटी.* पैसे भरून मिळणारे वरच्या पायरीचे वाहन पायऱ्या वाचवते, पण त्या पायऱ्यांवरचे शिक्षण देत नाही. समोर मात्र शेकडो लढाया खेळलेले खेळाडू येतात. एकदा पैसे गेले की ते वसूल करण्यासाठी आणखी तास घालणे हीही चूकच. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्चाचा सापळा म्हणतात. वसतिगृहातील विद्यार्थ्याने डेटा-पॅक आणि परीक्षेआधीचे तास हेही खर्चातच धरावेत. महिन्याची मर्यादा खेळ सुरू करण्यापूर्वी ठरवावी, हरल्यानंतर नव्हे.

९. सारांश

वाहनाच्या तक्त्यातील आकडे एकेकटे वाचले तर फसवतात. जाडीला कोनाची, वेगाला वजनाची, तोफेला भरण्याच्या वेळेची आणि या सर्वांना भूमीची जोड देऊन ते वाचावे लागतात. असल उत्तरला कागदावरचा श्रेष्ठ रणगाडा चिखलात हरला. म्हणून पहिल्या वाहनाकडून विजयाची अपेक्षा न ठेवता चुका दाखवण्याची आणि त्या सुधारायला वेळ देण्याची अपेक्षा ठेवावी. ही कसोटी लावली तर खालच्या पायरीवरचा, जलद गोळा भरणारा मध्यम रणगाडा बहुतेक नवख्यांसाठी योग्य ठरतो.

स्वाध्याय

१. शर्मनची पुढची पाटी ५१ मिलिमीटर जाड आणि उभ्या रेषेपासून ५६ अंश तिरकी होती. तिची परिणामी जाडी काढा व टी-३४शी तुलना करा.
२. एका चौकोनी रणगाड्याच्या पुढच्या व बाजूच्या पाट्या सारख्याच जाडीच्या आहेत. त्याने किती अंशांत वळून उभे राहावे? सूत्राने सिद्ध करा.
३. उदाहरणातील *क* आणि *ख* तोफांसाठी नेम लागण्याची शक्यता ०.८ धरून अपेक्षित नुकसान व प्रमाण विचलन काढा.
४. तुमच्या गावापासून खेळाच्या सर्व्हरपर्यंतचे अंतर शोधा, किमान विलंब काढा आणि खेळात दिसणाऱ्या ‘पिंग’शी ताडून पाहा. फरक कशामुळे पडतो?
५. ‘पहिले वाहन सर्वांत बलवान असावे’ या मताच्या बाजूने जास्तीत जास्त भक्कम युक्तिवाद मांडा आणि मग त्यातील दुवा कोठे निसटतो ते दाखवा.